भरतीच्या वेळेचे गणित: बाणस्तारी परिसरातील खाजनात अडकलेल्या कुत्रीच्या सुटकेचा प्रकरण अभ्यास

नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यातल्या बाणस्तारी परिसरातील एका खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल, बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी), कुंभारजुवे कालव्याच्या अंगाला, एक मध्यम बांध्याची कुत्री छातीपर्यंत चिखलात रुतलेली आढळली. ओहोटी संपून भरती लागली होती आणि पाणी तिच्या दिशेने सरकत होते. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांच्या एका गटाने, मानस सांभाळणारे गृहस्थ, एक होडीवाले आणि अग्निशमन दलाचे जवान यांच्या मदतीने तिला जिवंत बाहेर काढले. या संपूर्ण घटनेत कोणीही पाण्यात उडी घेतली नाही, आणि कुत्री वाचली ती बऱ्याच अंशी त्यामुळेच, असे माझे ठाम मत आहे. बांधावर जमलेल्या अनेकांना त्या वेळी तसे वाटत नव्हते. स्वयंसेवक नुसते उभे राहून वेळ घालवीत आहेत, असा त्यांचा समज झाला होता. त्या वेळात नेमके काय चालले होते, हे पुढच्या वेळी अशा ठिकाणी उभे राहणाऱ्यांना कळावे म्हणून, सहभागी असलेल्या सर्वांशी बोलून हे प्रकरण लिहिले आहे. व्यक्तींची नावे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत.

जागा आणि तिचा स्वभाव

गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन असल्याचे मानले जाते. नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली ही जमीन मातीच्या बांधांनी राखलेली असते आणि बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी दारे, बसवलेली असतात. पारंपरिक मानशीची लाकडी दारे पाण्याच्या दाबानेच उघडतात आणि मिटतात. ओहोटीला नदीची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याच्या रेट्याने दारे बाहेर ढकलली जाऊन शेतातले पाणी निघून जाते. भरती लागली की बाहेरचे पाणी दारांवर दाबून ती बंद करते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. दारांच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या उभ्या भिंती असतात. नदीच्या अंगाला, जिथे शेतातले पाणी वर्षानुवर्षे जोराने पडते, तिथे खोलगट खड्डा तयार होतो आणि त्यात गाळ साचत राहतो. ओहोटीच्या वेळी हा गाळ वरून सपाट आणि घट्ट दिसतो. ज्याने त्यावर कधी पाय ठेवलेला नाही त्याला तो मांडीपर्यंत आत घेईल याची कल्पना येत नाही.

चिऱ्यांच्या भिंतींना पाण्याच्या रेषेखाली कालवे, म्हणजे शिंपल्यांत राहणारे जीव, चिकटलेली असतात. त्यांच्या शिंपल्यांची धार इतकी तीक्ष्ण असते की ओल्या तळव्याचा नुसता भार पडला तरी कातडी फाटते. भिंतीवर चढू पाहणाऱ्या कुत्रीचे पुढचे दोन्ही पंजे याच शिंपल्यांनी कापले गेले होते, हे नंतर तपासणीत दिसले.

कुंभारजुवे कालवा मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडतो, आणि त्यात मगरी आहेत हे परिसरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. खाऱ्या पाण्याच्या खाडीत राहणाऱ्या या मगरी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर उन्हाला येतात. त्या सकाळी मगर दिसली नाही. तरीही होडीवाल्यांनी होडी खारफुटीच्या कडेने आणताना आधी दोन्ही काठ नजरेखाली घातले. ही सावधगिरी बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाला सुचेलच असे नाही, म्हणून तिचा येथे उल्लेख केला.

कुत्री तिथे कशी पोहोचली

गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुराच्या प्रतिमा उभारल्या जातात आणि पहाटे त्यांचे दहन होते. रात्रभर मोठ्या आवाजात संगीत चालते आणि दहनाच्या वेळी फटाके फुटतात. कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर माणसाची मर्यादा 20,000 हर्ट्झच्या आसपास असते. शिवाय आवाज कोठून येतो आणि केव्हा थांबणार हे त्या जिवाला कळण्याचा मार्ग नाही. घाबरलेले कुत्रे आवाजाच्या विरुद्ध दिशेला, दिसेल त्या मोकळ्या वाटेने पळत सुटते. खाजनाचा बांध ही तशीच अंधारी, मोकळी वाट आहे. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ही वेळ शांततेची मानलेली आहे, आणि सणाच्या रात्री तिचे काय होते हे आपण सगळेच जाणतो. सणाचा आनंद मला प्रिय आहे. पण त्या एका रात्रीत किती कुत्री घरापासून दुरावतात, याकडे गावाने सणाच्याच तयारीचा भाग म्हणून पाहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

या कुत्रीच्या डाव्या कानाला खाच होती. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झालेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला अशी खाच केली जाते, त्यामुळे ती कोणाची पाळीव नसून कुठल्यातरी वाड्यावरची असावी असा अंदाज बांधता आला. बांधावरून घसरून ती नदीच्या अंगाला पडली असावी. ओहोटीच्या वेळी तिथे पाणी नव्हते, चिखल होता. आणि बाहेर येण्यासाठी तिने जितकी धडपड केली तितकी ती खोल गेली.

ती प्रथम दिसली मानस चालवणाऱ्या गृहस्थांना. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावातून त्यांच्याकडे आहे आणि ओहोटीच्या शेवटी जाळे उचलण्यासाठी ते पहाटे तिथे होते. कण्हण्याचा आवाज त्यांना आधी आतल्या शेताच्या बाजूने येतो आहे असे वाटले. उजाडू लागल्यावर, सव्वासहाच्या सुमारास, त्यांनी भिंतीवरून खाली डोकावले तेव्हा त्यांना चिखलाच्या वर फक्त डोके, मान आणि पाठीचा थोडा भाग दिसला. त्यांनी पुतण्याकरवी स्वयंसेवकांना फोन लावला.

पाणी किती वेळ देणार होते

गटाच्या समन्वयक दोन सहकाऱ्यांसह पावणेसातच्या आत पोहोचल्या. निघतानाच त्यांनी 112 क्रमांकावर कळवले होते आणि अग्निशमन दलाची गाडी निघाली असल्याचा निरोप त्यांना मिळाला होता. बांधावर तोवर दहनाहून परतणारे पंधरावीस जण जमले होते. दोन तरुण कपडे काढून खाली उतरण्याच्या तयारीत होते. त्यांची तळमळ खरी होती आणि त्यांना अडवणे हे समन्वयकांचे त्या सकाळचे सर्वांत अवघड काम ठरले.

समन्वयकांनी मानस चालवणाऱ्या गृहस्थांना पहिला प्रश्न विचारला तो भरती केव्हा पुरी होणार हा. कोकण किनाऱ्यावर मच्छीमार पिढ्यान्पिढ्या एक हिशेब वापरतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा. कालव्याच्या आत समुद्रापेक्षा थोडा उशीर होतो, म्हणून गृहस्थांनी अकरा धरले. म्हणजे ओहोटी पाचच्या सुमारास संपली होती. दुसऱ्या दिवशी अमावस्या असल्याने भरती उधाणाची होती. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या वेळी पाणी कमी चढते. त्यापेक्षा ते त्या दिवशी बरेच जास्त चढणार होते.

यात एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या सुमारे बाराव्या हिश्श्याइतके, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तिप्पट पाणी चढते. नंतर वेग पुन्हा उतरतो. पाच वाजता लागलेली भरती सात वाजेपर्यंत संथ वाटणार होती आणि सात ते नऊ या दोन तासांत झपाट्याने चढणार होती. पावणेसातला खाली पाहणाऱ्याला पाणी जेमतेम हलताना दिसत होते. त्या दृश्यावरून अजून पुष्कळ वेळ आहे असे कोणी म्हटले असते तर ते साफ चुकीचे ठरले असते.

पाणी मोजण्याची पट्टी तिथे भिंतीतच होती. चिऱ्याचा एक थर सुमारे 20 सेंटिमीटर उंचीचा. पाण्याची रेषा आणि कुत्रीची हनुवटी यांत त्या क्षणी दीड थराचे अंतर होते. गृहस्थांनी रोजच्या सवयीने सांगितले की सातनंतर अर्ध्या तासात एक थर बुडतो. समन्वयकांनी मोबाइलमध्ये वेळ टिपली आणि एका सहकाऱ्याला केवळ चिऱ्यांच्या रेषेवर लक्ष ठेवून दर पाच मिनिटांनी ओरडून सांगण्याचे काम दिले. हिशेब असा निघाला की साधारण 7 वाजून 40 मिनिटांपर्यंत कुत्रीचे नाक पाण्याबाहेर राहील.

आता दुसरा आकडा. होडीवाल्यांची लहान होडी मानशीच्या तोंडाशी आणण्यासाठी चिखलावर किमान वीतभर पाणी हवे होते. पावणेसातला तेवढे पाणी नव्हते. होडी चिखलात बसली असती आणि तिच्यातली माणसेही अडकली असती. सात वाजून गेल्यावर ती तरंगत आत येऊ शकणार होती. होडी तरंगण्याइतके पाणी येणे आणि कुत्रीच्या हनुवटीला पाणी लागणे, या दोहोंमधली अर्ध्या तासाची फट हीच सुटकेची वेळ होती. त्या फटीच्या आधी उतरणाऱ्याला चिखलाने धरले असते. भरतीचा आणखी एक उपयोग होता, तो गृहस्थांनीच दाखवून दिला. घट्ट बसलेला गाळ पायाभोवती पोकळी राहू देत नाही, म्हणून वर ओढताना खालून शोषल्यासारखी पकड बसते. त्यात पाणी मुरले की तो सैल होतो. जे पाणी कुत्रीला बुडवणार होते, तेच तिला सोडवण्यासाठी लागणार होते.

जमावातून एक सूचना पुन्हा पुन्हा येत होती: मानशीची दारे उघडून पाणी शेतात सोडा, म्हणजे बाहेरची पातळी वाढणार नाही. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. गृहस्थांनी ती सूचना ठामपणे नाकारली, आणि माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. कालव्यात नदीइतके पाणी आहे. एका मानशीच्या दाराने त्याची पातळी उतरत नाही. उलट दार उघडताच सगळा ओघ त्या अरुंद फटीकडे धावला असता आणि दारासमोर अडकलेली कुत्री त्या ओढीत सापडून लाकडावर दाबली गेली असती. पाण्याखाली गेलेल्या फटीची ही ओढ माणसालाही सुटू देत नाही. शिवाय आत कापणीला आलेले भात उभे होते आणि उधाणाचे खारे पाणी त्यात शिरले असते तर अनेक कुळांचे वर्षाचे पीक गेले असते. बंद दारांच्या सांध्यांतूनही थोडे पाणी आत झिरपत होते, म्हणून गृहस्थांनी आतल्या बाजूने गोणपाट आणि माती कोंबून ती ओढसुद्धा कमी केली.

थांबण्याच्या वेळेत केलेली कामे

भिंतीवर पालथे झोपून, कमरेला दोर बांधलेल्या एका स्वयंसेवकाने लांब बांबूच्या टोकाने ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब खाली सरकवली. ट्यूबला दोन दोर होते आणि दोन्हींची टोके वर धरलेली होती. कुत्रीने आधी तिच्यावर दात विचकले, मग डोके मागे घेतले. स्वयंसेवकाने बांबू हलवला नाही. काही मिनिटांनी दमलेल्या कुत्रीने आपणहून हनुवटी ट्यूबवर टेकवली. हिशेब चुकला असता आणि पाणी लवकर चढले असते, तरी तिचे डोके ट्यूबबरोबर वर उचलले गेले असते. मला या सकाळच्या सगळ्या कामांत हे काम सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्याने घाई करण्याचे कारणच काढून घेतले.

त्यानंतर बांबूच्याच साहाय्याने सामानाचा एक रुंद कापडी पट्टा तिच्या पुढच्या पायांमागून छातीखाली घालण्याचा प्रयत्न झाला. एका बाजूने तो गेला, दुसऱ्या बाजूने चिखलामुळे जाईना, तेव्हा तो तसाच ठेवण्यात आला. गळ्यात फास टाकून ओढण्याची कल्पना कोणीतरी मांडली होती. चिखलात रुतलेल्या जनावराला मानेने ओढल्यास चिखलाची सगळी पकड मानेच्या हाडांवर आणि श्वासनलिकेवर येते. गळ्यात दोर घालायचाच असेल तर तो मान आणि एक पुढचा पाय अशा तिरक्या पद्धतीने घालावा लागतो.

जमावाला मागे हटवण्याची गरज याच वेळी प्रकर्षाने जाणवली. वरून कोणी चुचकारले, शीळ घातली किंवा बिस्किट टाकले की कुत्री मान उंचावून धडपडायची आणि प्रत्येक धडपडीनंतर किंचित खाली बसायची. समन्वयकांनी सर्वांना बांधाच्या आतल्या उतारावर बसवले आणि कुत्रीशी फक्त ट्यूब धरणाऱ्या स्वयंसेवकाने, हळू आवाजात बोलावे असे ठरवले. उडी मारण्यास निघालेल्या दोन तरुणांना त्यांनी दोर धरण्यावर नेमले. ते काम त्यांनी शेवटपर्यंत जबाबदारीने केले.

सातच्या सुमारास अग्निशमन दलाचे जवान आले. त्यांनी आणलेली जॅकेटे आणि दोर यांमुळे होडीत उतरणाऱ्या माणसांची सोय झाली. जवानांच्या प्रमुखांनी सगळी परिस्थिती ऐकून घेतली आणि होडीच्या दोरावर आपली दोन माणसे लावली.

होडीतून सुटका

होडी सात वाजून दहा मिनिटांनी आत आली. तिच्यात होडीवाले आणि एक स्वयंसेविका असे दोघेच होते, दोघांच्या अंगात जॅकेट होते आणि होडी बांधावरून दोन दोरांनी ताणून धरलेली होती, म्हणजे चढत्या पाण्याने ती कुत्रीवर जाऊन आदळू नये. स्वयंसेविकेने रेबीजची प्रतिबंधक लस पूर्वीच घेतलेली होती. कुत्र्यांना हाताळणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी असा गटाचा नियम आहे.

तोंड बांधावे की नाही, यावर आधीच निर्णय झाला होता. घाबरलेले, दुखावलेले कुत्रे चावते आणि पट्टीने तोंड बांधणे ही नेहमीची पद्धत आहे. परंतु पाण्यात असलेल्या, धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधल्यास त्याला नाकातोंडातले पाणी बाहेर टाकता येत नाही, ओकारी आली तर ती श्वासनलिकेत जाते. म्हणून तोंड न बांधता एक जाड पंचा तिच्या डोळ्यांवरून आणि कानांवरून सैल गुंडाळण्यात आला. डोळे झाकताच तिचे अंग सैल पडले.

पुढचे पाय लवकर मोकळे झाले. होडीवाल्यांनी बांबूचे टोक पायाला लागून चिखलात खुपसून हलवले, तिथून पाणी आत गेले आणि पाय वर आला. मागचा उजवा पाय मात्र येईना. स्वयंसेविकेने हाताने चाचपून पाहिल्यावर पायाला नायलॉनच्या जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला आणि त्याचे दुसरे टोक भिंतीतल्या फटीत अडकलेले असल्याचे कळले. पाण्याखाली, न दिसणारा दोर धारदार हत्याराने कापणे धोक्याचे होते. होडीवाल्यांनी जाळे मुठीत धरून वर ताणले, पाण्याच्या पातळीवर आणले आणि मग कापले. त्याच वेळी भिंतीवरच्या कालवांनी त्यांचा तळहात फाटला. पाय सुटताच कुत्रीने मान वळवली आणि तिचा दात होडीवाल्यांच्या मनगटावर घासून गेला.

साडेसात वाजण्याच्या आत ती होडीत आली. वरून दोराने उचलून बांधावर घेणे जवळचे होते आणि जमावाची तीच अपेक्षा होती. समन्वयकांनी तिला होडीतूनच फेऱ्याने उताराच्या जागी आणायला सांगितले, कारण फुप्फुसांत पाणी गेले असण्याची शक्यता असलेल्या प्राण्याचे सगळे वजन छातीखालच्या पट्ट्यावर टांगणे म्हणजे त्याचा उरलेला श्वासही कमी करणे होय.

काठावर आल्यानंतर

कुत्री शुद्धीवर होती, श्वास स्वतः घेत होती, हिरड्या फिकट होत्या. तिला कुशीवर, डोके किंचित उताराकडे करून निजवण्यात आले. खोकल्याबरोबर थोडे मातकट पाणी बाहेर आले. बुडालेल्या कुत्र्याला मागच्या पायांनी धरून उलटे टांगण्याची किंवा गरगर फिरवण्याची जुनी समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. एका ज्येष्ठ गृहस्थांनी काळजीपोटी तसे सुचवलेही. त्याने पोटातले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो आणि वेळ वाया जातो. श्वास थांबलेला असता तर छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, आणि प्रत्येक 30 दाबांनंतर तोंड मिटून नाकातून दोन श्वास, हा क्रम लागला असता. तशी पाळी आली नाही.

तिच्या शरीराचे तापमान 96 अंश फॅरनहाइट भरले. निरोगी कुत्र्याचे ते 101 ते 102.5 च्या दरम्यान असते. गोव्यातल्या ऑक्टोबरच्या कोमट पाण्यात प्राणी गारठतो, हे अनेकांना पटत नाही. पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता काढून घेते आणि ही कुत्री ओल्या गाळात कित्येक तास होती. लोकांनी नळाची पाइप आणून चिखल धुण्याची तयारी केली होती. समन्वयकांनी फोनवर पशुवैद्यांना विचारले आणि त्यांनी धुणे पुढे ढकलण्यास सांगितले. डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या स्वच्छ पाण्याने पुसून घेतल्या, अंग कोरड्या गोणपाटांनी टिपले आणि तिला चादरीत गुंडाळून गाडीत ठेवले. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीजवळ ठेवल्या, थेट कातडीला लावल्या नाहीत, कारण गारठलेल्या कातडीला भाजलेले कळत नाही.

तिला तहान लागली होती आणि वाटीभर पाणी समोर ठेवावे असे सर्वांना वाटत होते. खारे पाणी पोटात गेल्याने रक्तातील सोडियम वाढलेले असू शकते. अशा वेळी एकदम भरपूर गोडे पाणी दिले तर मेंदूला सूज येऊन झटके येण्याची भीती असते. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून थोड्या थोड्या वेळाने घोट-घोट पाणी दिले गेले.

फोंड्यातील दवाखान्यात तिला प्राणवायू आणि सलाइन दिले, हळूहळू ऊब दिली, पंज्यांच्या जखमा स्वच्छ केल्या. दुपारपर्यंत ती उठून उभी राहिली, भात-मासळीही खाल्ली, आणि बऱ्याच जणांना प्रकरण संपले असे वाटले. पशुवैद्यांनी तिला सोडले नाही. पाण्यासोबत चिखलाचे कण आणि जंतू फुप्फुसांत गेलेले असले तर न्यूमोनिया दोन-तीन दिवसांनीही उद्भवतो. स्वयंसेवकांनी पाळीपाळीने ती झोपेत असताना तिचे श्वास मोजले. स्वस्थ झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास सतत दिसले तर लगेच कळवायचे होते. दुसऱ्या रात्री श्वास चाळिसाच्या वर गेले, एक्स-रे काढला, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला आणि औषध सुरू झाले. बाहेर काढल्याच्या दिवशी, उभी राहते म्हणून तिला बाजारात सोडले असते, तर ती त्या आठवड्यात कुठल्यातरी दुकानाच्या पायरीखाली गुपचूप मेली असती. फोटो आणि टाळ्या बांधावर मिळतात. जीव बऱ्याचदा या श्वास मोजण्याच्या रात्रींत वाचतो.

होडीवाल्यांची जखम

मनगटावर दात घासला होता, रक्त आले नव्हते. होडीवाल्यांनी ते हसण्यावारी नेले. गोवा 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले आहे, कुत्रीच्या कानाला खाच आहे, मग लस कशाला, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अडाणीपणाचा मुळीच नव्हता. परंतु खाच ही केव्हातरी लस दिल्याची खूण आहे. लसीचा परिणाम आज टिकून आहे की नाही हे ती सांगत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी दाखवून दिली. त्यांनी मनगटाआधी तळहात पाहिला. कालवाने फाटलेल्या त्या ताज्या जखमेवर कुत्रीची लाळ लागली असण्याची शक्यता होती, आणि उघड्या जखमेला लाळेचा संसर्ग हा रेबीजच्या दृष्टीने सर्वांत गंभीर, तिसऱ्या प्रकारात धरला जातो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली गेली, लसीचा पहिला डोस दिला गेला आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचण्यासाठी त्यांना बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवण्यात आले. समन्वयक स्वतः त्यांच्यासोबत गेल्या. सणाच्या दिवशी घरच्यांना सोडून आलेल्या माणसाला पुढच्या डोसांच्या तारखा लिहून देणे आणि त्या-त्या दिवशी त्यांना गाडीने नेऊन आणणे हा सुटकेच्याच कामाचा भाग आहे, अशी गटाची भूमिका होती. धनुर्वाताचे इंजेक्शनही दिले गेले. ज्यांचे हातपाय चिखलपाण्यात होते त्या सर्वांना पुढचे दोन आठवडे ताप, अंगदुखी किंवा डोळ्यांची लाली दिसल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून डॉक्टरांकडे यावे, असे बजावण्यात आले.

कुत्रीला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवण्यामागे तिच्या उपचाराइतकेच होडीवाल्यांच्या सुरक्षिततेचेही कारण होते. या काळात ती निरोगी राहिली.

परत जागेवर

प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 प्रमाणे निर्बीजीकरण झालेल्या भटक्या कुत्र्याला ज्या ठिकाणाहून नेले त्याच ठिकाणी परत सोडावे लागते, आणि नियम नसता तरी तेच योग्य होते. आपली हद्द सोडून दुसरीकडे सोडलेले कुत्रे तिथल्या कुत्र्यांकडून मारले जाते किंवा रस्त्यावर येते. प्रश्न असा होता की तिची हद्द कुठली. खाजन ती नव्हती. स्वयंसेवकांनी तिचा फोटो घेऊन माशेल आणि बाणस्तारीच्या बाजारांत विचारपूस केली. मासे विकणाऱ्या एका बाईंनी तिला पाहताक्षणी ओळखले. ती रोज त्यांच्या टोपलीशेजारी बसायची आणि नरकासुराच्या रात्रीपासून दिसली नव्हती. ते ठिकाण मानशीपासून दोनेक किलोमीटरवर आहे. म्हणजे अंधारात, आवाजापासून पळताना, ती इतके अंतर आली होती. औषधाचा क्रम पुरा झाल्यावर तिला तिथेच सोडण्यात आले आणि पंज्यांना लावायचे मलम बाईंनी आपल्याकडे ठेवून घेतले.

कुळांच्या संघटनेशी गटाची त्यानंतर बैठक झाली. मानशीच्या खोपीत दोन दोर बांधलेली एक ट्यूब, लांब बांबू आणि रुंद पट्टा कायम ठेवण्यास संघटनेने संमती दिली, कारण उद्या तिथे एखादे वासरू किंवा एखादे मूलही पडू शकते. नायलॉनची टाकून दिलेली जाळी भिंतीच्या फटींतून काढण्याचे काम मानस चालवणाऱ्या गृहस्थांनी भांगाच्या दिवसांत, पाण्याची ओढ कमी असताना करायचे ठरवले. पुढच्या नरकचतुर्दशीसाठी वाड्यावाड्यांवरच्या मुलांच्या मंडळांना भेटून, आदल्या संध्याकाळी आपल्या भागातली कुत्री कोणाच्या अंगणात किंवा गोठ्यात घेता येतील याची यादी करण्याचे कामही सुरू झाले आहे. त्या यादीत आपले नाव घालण्यासाठी सर्वांत आधी आले ते बांधावरचे ते दोन तरुण.